ह्यांच्या ओळीपुढं

इंदापूर, मंगळवार संध्याकाळ

हे गेले, आणि ह्यांचा भिगवणच्या पक्ष्यांवरचा लेख वाचनालयाच्या वेबपेजवर अर्धाच राहिलाय. मी पुढचं लिहायचे, पण ते डाउनलोड झालेल्या प्रतीत जायचं. मूळ लेख तसाच. आज वाचनालयातल्या शबानानं लिंक दुरुस्त केली.

"काकू, आता दाबली की मूळ लेखच वर्डमध्ये उघडंल. लिवलेलं तितंच राहील."

"आणि ह्यांचं काही पुसलं तर?"

"माघारी आणता येतंय. काका न्हाय रागवायचे."

शेवटची ओळ, 'पाणी उतरलं की रोहित पक्षी येतात आणि'. पुढं कर्सर लुकलुकत होता. मी लिहावं का ह्यांच्यात? बघतच बसले. तो लुकलुकतच होता. मग लिहिलं, 'आम्ही डबा बांधून बघायला निघतो.'

सेव्ह करून बंद केलं. परत लिंक दाबली. दोघांचं मिळून एक वाक्य होतं. उद्या पुढचं लिहीन.