आयेचं नाक आणि काचेची चिप

आये, तुझ्या सवयीपायी परवा माझी नोकरी जायची वेळ आली होती. तू गेल्यानंतर मी इथेच, रत्नागिरीत एका प्रयोगशाळेत लागले. परदेशी जाणारी मासळी तपासते. आमच्याकडे जीन चिप म्हणून नखाएवढी काच असते, तिच्यावर बारीक ठिपके, एकेका रोगजंतूसाठी एकेक. मासळीत जो जंतू असेल त्याचा ठिपका यंत्रात उजळतो. तुला हे सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "मग देवानं नाक काय नथ घालायला दिलंन?"

परवा एका कारखान्याच्या कोळंबीचे पाच नमुने आले आणि पाचांतही जुलाब-उलट्यांच्या जंतूचा ठिपका उजळला. आता कंटेनर अडणार, म्हणून मालक बाहेर बाकावर रुमाल पिळत बसलेला. पाचही एकसारखे कसे, म्हणून आमच्या प्रमुख मॅडमनी राखून ठेवलेली सीलबंद पाकिटं फोडून पुन्हा चाचणी लावली. तर सगळं स्वच्छ! मॅडम माझ्याकडे बघतायत आणि मी माझ्या अंगठ्याकडे. सकाळी जेटीवर बांगडे घेतले होते, बंदराचं घाण पाणी शिंपडलेले, जंतू त्यातलाच. हात घाईत नुसते ओले केले होते. आणि हातमोजे चढवायच्या आधी, अगदी तुझ्यासारखी, एकेक कोळंबी अंगठ्यानं दाबून नाकाशी नेली होती! मी सगळं कबूल केलं. मॅडम आधी पोट धरून हसल्या, मग आठवण झाल्यासारख्या ओरडल्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "पण वास कसा होता?" म्हटलं, "ताजा."

तेव्हा तुझा बाजार आठवला. मी कॉलेजातून सुट्टीला आलेय, तुझ्या पाटीशी उभी आहे आणि चार गिऱ्हाइकांसमोर शहाणपण मिरवत म्हणते, "आये, ही सुरमई वास मारतेय." गिऱ्हाइकं शेजारणीकडे वळली. तू कल्ले उघडून लालभडक दाखवत राहिलीस, "बघा ओ, बघा तरी!" मग माझ्याकडे वळलीस. "शिकून आलीस नि माजंच नाक कापलंस गो!" ती सुरमई तू घरी आणून मला वाढलीस, स्वतः तुकडाही खाल्ला नाहीस. मला फार वाईट वाटलं होतं, मान खाली घालून काटे काढत राहिले.

कोळंबीवरचा आळ उतरला, मालकाला माफीचं पत्र टाइप करून दिलं. हे तुझं पत्र मात्र घडी करून हातमोज्यांच्या खोक्यात ठेवतेय. सुरमई ताजीच होती, आये. मला त्या दिवशी पडसं झालं होतं, कसलाच वास येत नव्हता.