पाचशे वॅटचा डबा

४ फेब्रुवारी २००९, बुधवार. अमरावती

कल्याणीचा कॉम्प्युटर आज पुन्हा मधेच बंद पडला. मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, "गेली का पुन्हा लाइन?"

सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "पंखा फिरून रायला तुमच्या डोक्यावर. वर पाहा."

पाहिलं. फिरत होता. लोडशेडिंगवर मनात तयार झालेलं अर्धं भाषण गिळलं.

पुण्याच्या ऑफिसने दिवाळीत माणसं कमी केली, त्यात कल्याणी घरी आली. आता तिथल्या जुन्या सहकाऱ्याने एक काम चाचणीसाठी दिलंय. न बांधलेल्या इमारतीत आपण हिंडून आलो असं दाखवणारी दोन मिनिटांची फिल्म. २० तारखेपर्यंत पोचली तर दर महिन्याला काम, इथे बसून. नाही तर पुन्हा पुणं, पुन्हा अर्ज.

६ फेब्रु., शुक्र.

विहिरीच्या मोटारीसाठी घेतलेला मल्टिमीटर क.ने मागून नेला. तिने प्रोसेसर कंपनीच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलाय. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. नवा घेणं सध्या शक्य नाही, म्हणून आहे त्यालाच पळवायचं. मशीन स्वस्थ असताना पिवळ्या तारेवर बरोबर बारा व्होल्ट. फिल्मची चित्रं बनवायला लावलं की अकराच्या खाली, आणि मग पडदा काळा. म्हणजे दोष एसएमपीएसचा. घरची वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. कॅबिनेटसोबत फुकट आलेला.

म्हटलं, "सावकाश चालव ना मग त्याले."

"मग वीस तारीख मार्चमधी येईन, बाबा."

८ फेब्रु., रवि. मूर्तिजापूर

बोगस बियाण्यावर सभा. मंडप भरलेला, मागे उभे राहून ऐकणारेही बरेच. पाकिटावर छापलेलं खरं नव्हे, मातीतून वर येतं ते खरं, माझ्या या वाक्याला टाळ्या. मग ओघात... माझी मुलगी पुणं सोडून आली, पुण्याचं काम आता वऱ्हाडात बसून होणार, असं बोलून गेलो. टाळ्या जास्त.

घरी पोचायच्या आत कोणीतरी तिला फोनवर सांगितलेलं.

"सोडून नाही आली. काढलं मले. आन् हे काम अजून भेटलं नाही. मले कावून उभं केलं तुमच्या मंचावर?"

"लोकांना उदाहरण लागतं."

"मग दुसरं पाहा."



९ फेब्रु., सोम. अकोला

अकोल्यात कापूसवाल्यांची बैठक होतीच, एसएमपीएस मीच आणतो म्हटलं. क.ने दोन नावं लिहून दिली. अनीसभाईच्या दुकानात गेलो. माझी भाषणं पहिल्या रांगेत बसून ऐकणारा माणूस.

"काका, ये माल नागपूरहून येते. शुक्रवारी. तवरिक थांबा."

थांबणं माझ्या स्वभावात नाही. समोरच्या दुकानात गेलो. चार डबे काउंटरवर. आमच्या घरी मोटार घ्यायची तर आजोबांपासूनची रीत, आधी उचलून पाहायची. जड, म्हणजे आत तांबं. चारही हातात तोलले. एक दगडासारखा. वर ठळक, ५०० वॅट. घेतला. एसटीत मांडीवर ठेवून आणला.

क. म्हणाली, "हे नाव मी नव्हतं दिलं."

"उचलून तर पाहा."

तिने उचलला. तीही आमच्यातलीच, म्हणाली, जड आहे खरा. तेवढ्यावर बसवला.

११ फेब्रु., बुध.

सकाळी फट् असा आवाज, जळका वास. क.ने बटण बंद केलं, वायर काढली. मी नुसता उभा. दोन दिवसांची चित्रं गेली. बाकी मशीन वाचलं, हे जुना डबा लावून पाहिल्यावर कळलं.

आत साठलेली वीज उतरावी म्हणून डबा बराच वेळ तसाच ठेवून मग तिने स्क्रू काढले. आत हाताच्या तळव्याएवढी सर्किट पट्टी. आणि तळाला चिकटवलेला लोखंडाचा ठोकळा. कशालाच जोडलेला नाही. फक्त वजनाला.

ती आधी हसायला लागली. मग हसता हसता डोळे पुसायला लागली. सौ. बाजूला जाऊन बसली.

मी रविवारी ज्या तोंडाने पाकिटावर जाऊ नका म्हणालो त्याच... असो. ठोकळा बनवणाऱ्याला आम्ही पक्के ठाऊक आहोत. आम्ही काय वाचतो नि काय तोलतो, सगळं.

१३ फेब्रु., शुक्र. अकोला

दोघं गेलो. आधी समोरच्या दुकानात, उघडा डबा घेऊन. रस्त्यावरून ऐकू जाईल असं बोलायची माझी तयारी होती. दुकानदाराने डबा हातात घेतला, तोलला, म्हणाला, "वजन तर चांगलं आहे, साहेब." त्याला खरंच माहीत नव्हतं. ठोकळा दाखवला तर बिचारा तो बोटाने टोकरून पाहू लागला. त्याच्या घरच्या मशीनलाही हाच होता. पैसे मुकाट परत दिले. माझं भाषण राहिलं ते राहिलंच.

अनीसभाईकडे माल आलेला. मी सवयीने हात पुढे केला.

"बाबा, हात खिशात."

क.ने मोठ्या आकड्याकडे पाहिलंच नाही. खालच्या बारीक तक्त्यात बारा व्होल्टला किती अँपिअर ते वाचलं. वॉरंटी कोण देणार ते विचारलं. मग म्हणाली, "अनीसभाई, लोडवर लावून दाखवा. इथंच."

"ताई, कंपनीचा माल आहे."

"तोबी कंपनीचाच होता."

अनीसभाई हसला, दुकानातलं मशीन उघडलं. मीटरचा आकडा बारावरून जरा हलला, तिथेच थांबला. मग तिने साडेसहाशे वॅटचा मागितला.

"साडेचारशेत भागते तुमचं, साडेसहाशे कायले?"

"निम्म्यावर चालला का थंड रायते. टिकते."

परतीच्या गाडीत म्हणाली, मूर्तिजापूरचा राग गेला नाही अजून. मी हो म्हटलं. बडनेऱ्यापर्यंत माझ्या हातात पुस्तक उघडं, पान तेच.

१८ फेब्रु., बुध.

मशीन अखंड चालू. लाइन गेली की मागून आणलेल्या इन्व्हर्टरवर. सौ.ने धूळ बसू नये म्हणून क्रोशाचं झाकण घातलं होतं, टीव्हीला असतं तसं. क. ओरडली, "आई, त्याले श्वास घेऊ दे." गेलेली दोन दिवसांची चित्रं पुन्हा होत आहेत. मी घरात पाय न वाजवता चालतो. कारण नाही, तरी.

२१ फेब्रु., शनि.

काल दुपारी फिल्म गेली. आज फोन. पसंत. मार्चपासून काम. सौ.ने शिरा केला. शेवटी त्या माणसाने विचारलं म्हणे, ऑफिसात जागा निघाली तर येशील का. क. काय म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

अचलपूरच्या सभेवाल्यांचा निरोप, कल्याणीताईंचं उदाहरण अवश्य द्या. कळवलं, दुसरं पाहतो.

संध्याकाळी रद्दी काढली. कपाटावर नव्या एसएमपीएसचा खोका, थर्माकोलसकट. कॅबिनेटचा, मॉनिटरचा, पुण्याहून मशीन ज्यांत बांधून आलं तेही तिथेच, एकात एक नीट बसवलेले. खाली घेतले.

"फेकू नका, बाबा."

"कावून? वॉरंटीले लागतात?"

"वॉरंटीले बिल लागते."

खोके होते तसे वर ठेवले.