भावी न्यायाधीशाचं मौन

३ फेब्रुवारी २०१६, बुधवार

ठरलं. फॅमिली कोर्टाचा जज व्हायचं.

फर्मच्या सीनियर पार्टनर मार्गारेटबाई चहा घेताना सहज म्हणाल्या की ऑकलंडजवळच्या आमच्या हॅमिल्टनला जजची एक जागा निघतेय. सहज? अकरा वर्षं त्यांच्याबरोबर घटस्फोटाच्या आणि मुलांच्या ताब्याच्या केसेस लढतोय. त्या सहज काही बोलत नाहीत. इशाराच होता.

इथे जज निवडून येत नाहीत, हे या देशाचं दुर्दैव. एका सभेत काम झालं असतं. इथे अर्ज करायचा, मग वरचे लोक गुपचूप चौकशी करतात आणि पत्राने कळवतात. सगळं गोपनीय.

संकल्प : कोणाला सांगायचं नाही. कमी बोलायचं. जज ऐकतो.

फक्त द्रौपदीला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. म्हणाली, अहो, तिथे दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. तिला मध्येच थांबवून ऐकण्याचं महत्त्व पाऊण तास समजावलं.

६ फेब्रुवारी, वाइटांगी डे, इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी

अर्ज लिहायला बसलो. 'तुमची पार्श्वभूमी एका पानात लिहा.' एका पानात आमचा मुखेड तालुकासुद्धा मावत नाही! बाबा मुखेडच्या कोर्टात पुकारा करणारे शिपाई. आयुष्यभर जजसाहेबांची खुर्ची पुसली, बसले कधी नाहीत. हे लिहायचं नाही? वक्तृत्वाच्या सदतीस ढाली, नांदेड कोर्टातली सात वर्षं, इथे आल्यावर ईस्ट टामाकीच्या गोदामात खोकी उचलता उचलता केलेला कायद्याचा अभ्यास. तेवीस पानं झाली. प्रस्तावना वेगळी.

लेक अक्षताने कापून एक पान केलं. वय सोळा, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. सदतीस ढालींचं तिने 'पब्लिक स्पीकिंग : येस' केलं. बाबांचं वाक्य मात्र ठेवलं. 'तुमच्यातला एक दोष' या रकान्यात मी 'अतिनम्रता' लिहिलं होतं. ते वाचून तिला ठसका लागला.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज गेला. गोपनीयता कडक. फक्त अकरा जणांना माहीत आहे आणि प्रत्येकाकडून शब्द घेतलाय. आमच्या रोटोटुना भागातल्या डेअरीवाल्याला सांगावं लागलं, कारण दूध घेताना त्याने हाऊ आर यू विचारलं. खोटं कसं बोलणार? न्यायदानाचा प्रश्न आहे.

बाबांना फोन केला. जवळजवळ झालंच आहे म्हणालो.

११ मार्च, शुक्रवार

आज जज ब्रिजेट यांच्यासमोर संकल्पाची कसोटी. युक्तिवादाला दहा मिनिटं होती. चौतीसच घेतली. समोरचा वकील बोलत असताना चारदाच उठलो. जजबाईंनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. छाप पडतेय.

मार्गारेटबाईंना माझ्या चौकशीचा फोन आला होता. काय सांगितलंत, म्हटलं. म्हणाल्या, खरं तेच. निश्चिंत झालो.

१५ एप्रिल, शुक्रवार

इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष सुरेश आला. त्या अकरांपैकी एक. आता त्रेचाळीस झालेत. म्हणाला, वकीलसाहेब, एक मेच्या कार्यक्रमात तुमचा फ्लेक्स लावतो. मी कडाडून विरोध केला. तो म्हणाला, गावाकडे इच्छुक माणसाचा 'भावी' म्हणून चौकात फ्लेक्स लागला नाही, तर लोक त्याला गंभीरपणे घेतात का? मुद्दा बिनतोड. तरी गोपनीयता या विषयावर त्याला वीस मिनिटं सुनावलं.

मग फोटो पाठवला. कोटातला. त्याच्याकडे होता त्यात पोट दिसत होतं.

फ्लेक्स नांदेडला छापून घेतील. सुरेशची आई येताना आणेल. कार्यक्रमाला जज ब्रिजेट यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलंय. हेतू निव्वळ सांस्कृतिक.

२८ एप्रिल, गुरुवार

सुरेशच्या आईला ऑकलंड विमानतळावर अडवलं. सूटकेसमध्ये मेतकुटाशेजारी ती गुंडाळी, त्यात या देशात आणायला बंदी असलेल्या बिया असतील असा संशय. दोन अधिकाऱ्यांनी फ्लेक्स जमिनीवर पूर्ण उलगडून तपासला. मावशी म्हणाल्या, तुमच्या तोंडावर बूट ठेवून मोजमाप घेतलं हो.

हरकत नाही. मजकूर मराठीत आहे. या देशात देवनागरीइतकी गोपनीय लिपी दुसरी नाही.

१ मे, रविवार

हॉल भरलेला. फ्लेक्स बारा फुटी. 'फॅमिली कोर्टाचे भावी न्यायाधीश, बुलंद आवाज, ॲड. दादाराव यांना हार्दिक शुभेच्छा.' खाली नऊ शुभेच्छुक, मोबाइल कानाला लावलेले.

जज ब्रिजेट आल्या. सगळ्यांना किया ओरा, म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणाल्या. पहिल्या रांगेत बसल्या आणि फ्लेक्सकडे बोट दाखवून शेजारच्या अक्षताला विचारलं, काय लिहिलंय? मी 'महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा' म्हणायला तोंड उघडलं, तोवर अक्षताने वाचून दाखवलं. इंग्रजीत, शब्दशः, बुलंद आवाजासकट. दर रविवारी मीच तिला देवनागरी शिकवली. जोडाक्षरांसकट.

जजबाई म्हणाल्या, ओह. मग बटाटेवडा खाल्ला. मग पुन्हा ओह. दोनदा म्हणाल्या, म्हणजे अनुकूल असाव्यात.

गाडीत अक्षताला विचारलं, एवढं एक खोटं बोलता येत नव्हतं? म्हणाली, बाबा, यू वॉन्ट टू बी अ जज.

१७ जून, शुक्रवार

पत्र आलं. चार ओळी. आभार, या वेळी नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

द्रौपदीने वाचलं, घडी घातली, चहा टाकला. मी घडी उलगडून ओळी पुन्हा मोजल्या. चारच.

मार्गारेटबाईंना विचारलं, खरं म्हणजे नेमकं काय सांगितलं होतंत? म्हणाल्या, हुशार आहे, प्रामाणिक आहे, गरिबाची फी घेत नाही. पण अकरा वर्षांत मला त्याच्यासमोर एक वाक्य पुरं करता आलेलं... मी म्हटलं, साफ चूक!



१८ जून, शनिवार

बाबांना फोन. थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं की रे. मी चाळीस वर्षं पाह्यलेत जज. दिवसभर तोंड मिटून बसतात बिचारे. तू आजारी पडला असतास.

२६ जून, रविवार

मंडळात मुलांची वक्तृत्व स्पर्धा. मी तयारच होतो. सदतीस ढाली असलेला दुसरा माणूस या देशात नाही. सुरेश म्हणाला, वकीलसाहेब, परीक्षक द्रौपदीवहिनी आहेत. तुम्ही वेळ बघा. तीन मिनिटं झाली की घंटा वाजवायची.

कर्तव्य म्हणून स्वीकारलं. नऊ मुलं बोलली. एकालाही एक सेकंद जास्त दिला नाही. एक चिमुरडी 'जय हिंद'च्या 'जय'वर होती. वाजवली. न्याय म्हणजे न्याय.

निकाल तयार होईपर्यंत सगळे नुसते बसले होते, म्हणून उठून न्याय या विषयावर दोन शब्द बोललो. रंग चढला. मुखेड आलं, संविधान आलं, खुर्ची पुसणारे बाबा आले. मागे दोन बायका डोळे पुसत होत्या. तेवढ्यात घंटा वाजली. अक्षताने उचलली होती. दुर्लक्ष केलं. पुन्हा वाजली. ती वाजवतच राहिली. मुलं टाळ्या पिटायला लागली, तेव्हा थांबलो.

चार मिनिटं झाली असतील. अक्षता म्हणते, नाइन्टीन.

घरी आल्यावर द्रौपदीचा गुणांचा कागद पाहिला. नऊ मुलांच्या खाली दहावं नाव माझं. आवाज : दहापैकी दहा. विषयाला धरून : दोन. वेळेचं पालन : शून्य.

अपील कुठे करायचं, विचारलं. म्हणाली, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.