भरतीचा दोर

दादा,

परत येऊन आपल्या होडीवर मासेमारी करीन, असं तू लिहिलंस. उत्तर लिहितेय, पण पाठवेन असं नाही.

होडी आता हॉटेलच्या अंगणात आहे. तिच्यात पाहुण्यांना सरबत मिळतं. ती मीच बसवली. वादळातही हलणार नाही, असं सहीनिशी लिहून दिलं.

बाबांना तिच्या राखणीला ठेवलंय. भरती चढू लागली की ते उठतात आणि होडीचा दोर सैल करतात. ओहोटीला पुन्हा ओढून घेतात, पाण्यात असताना करायचे तसंच. पाहुणे फोटो काढतात.

मॅनेजर म्हणाला, "काका, हे रोज सूर्यास्तालाच करा ना. गर्दी असते."

"मग समुद्रालाही ड्युटी लावून द्या," बाबा म्हणाले.

परवा मला विचारत होते, "काय इंजिनिअरबाई, दादा आला की ही काढता येईल ना?"

मी "बघू" म्हटलं. तळाला भोकं पाडून मी ती काँक्रीटला बोल्टने जखडली आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

काल ते तापाने पडून होते. भरतीच्या वेळी मी जाऊन दोर सैल करून आले.

तुझी,
धाकटी