मुठीतल्या अक्षता

वडगाव, वैशाख वद्य तृतीया, शके १८४८

आबा सत्यशोधक झालेत, म्हणून माझ्या धाकट्या बहिणीचं, चंद्राचं लग्न आज भटजीवाचून लागलं. नेहमीची मंगलाष्टकं नाहीत, मग अक्षता टाकायच्या कधी? सगळे मुठी आवळून एकमेकांकडे बघत होते.

मी विधवा, माजघरातच थांबलेले. आबांनी हात धरून मांडवात नेलं, मुठीत अक्षता दिल्या. "टाक की, आक्का. तुज्या हाताला काय झालंय?"

चंद्रानं आपली शपथ स्वतःच खणखणीत म्हटली आणि अक्षतांचा सडा पडला. माझा हात उठलाच नाही. तिला माझा हात बाधला तर? एवढी शिकलेली मी, आणि तरी...

वऱ्हाड गेलं. रिकाम्या मांडवात उन्हं उतरलीत, चंद्राचा आवाज अजून तिथंच तरंगतोय असं वाटतं.

मघाशी मूठ उघडली. घामानं अक्षता भिजल्यात, तळहात कुंकवानं लाल झालाय.

आठ वर्षांनी कुंकू. धुवायला उठवत नाही.