उतरवायला कोणीतरी हवं

३ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
अ. आ.

अक्षर आईचं बघून घाबरू नकोस. कंपवातामुळे माझा हात कागदावर नुसत्या मुंग्या सोडतो, म्हणून मी सांगतोय, ती लिहितेय.

हल्ली माझे पाय उंबऱ्याशी चिकटून बसतात, हे तुला ठाऊक आहेच. काल शेजारच्या सुताराची सायकल भिंतीला टेकलेली दिसली. म्हटलं, बसून तरी बघू. बसलो आणि काय सांगू, पाय आपोआप फिरायला लागले! थेट बेकरीपर्यंत गेलो, मैदानाला वळसा घातला. उभा जन्म खुर्चीमागे उभ्याने लोकांचे केस कापण्यात गेला, पण पायांवर इतका खूश कधी झालो नव्हतो.

घोटाळा एकच. उतरता येईना. आईला हाका मारत दारासमोर चकरा मारत राहिलो. शेवटी तिने आणि सुताराने मिळून मला पोत्यासारखं उतरवून घेतलं. तेव्हापासून ती बोलत नाही, फक्त लिहून घेते.

आठवण काढत जा.
तुझे बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा वाचलं. पडला असतात तर? इथे खालच्या मजल्यावरची खोली मी तुमच्यासाठी रिकामी केलीय, चाकांची खुर्चीही बघून ठेवलीय. महिनाअखेरीस तुम्हा दोघांना न्यायला येते. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. सुतारकाकांना कुलूप घालायला वेगळं कळवलंय. रागवायचं तर रागवा. मला तुम्ही अख्खे हवे आहात.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठमी

१८ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं ऐकलं. डॉक्टरांनी मला चालायला लावलं, तर दवाखान्याच्या दारातच खिळलो. मग कंपाउंडरची सायकल मागवली. दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं, पण मी सुटलो आणि ते मागून धापा टाकत पळाले! डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात काहींचे पाय चालताना अडतात, पेडलवर अडत नाहीत. मात्र दोन चाकं बंद. तीन चाकं, डोक्याला हेल्मेट आणि सोबतीला माणूस. सुताराने जुनी तीनचाकी मिळवून मागे बसायला फळी ठोकून दिलीय.

खुर्चीची घाई करू नकोस, एवढंच मागणं.
बाबा

२६ फेब्रुवारी

चि. ठमे,
अ. आ.

हे पत्र माझं, त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांना एकटं सोडवत नाही म्हणून गल्लीबाहेर पाऊल टाकून मला दोन वर्षं झाली होती. परवा त्यांनी मला मागच्या फळीवर बसवलं आणि तळ्यापर्यंत नेलं. वाटेत मी इतकी हसले की रस्त्यातल्या बाईने बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

तू ये, पण न्यायला नको, राहायला ये. तुला मागे बसवून फिरवायचं त्यांच्या मनात आहे. त्यांना दम लागला तर पुढे बसायला कोणीतरी हवं, म्हणून मलाही शिकवायला घेतलंय. आज सकाळी मी सुताराच्या कुंपणात घुसले. लागलं काही नाही. हे पोट धरून हसत होते, मग सुतारही.

कुंपण दुरुस्त झालं की पुन्हा बसणार आहे.

सवडीने ये, पण ये.
तुझी आई