कोटाची बटणं

शुक्रवार, १९८२, चाकूर. दिवेलागण.

नव्या जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी जुने कपडे पारखून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. आज पार्वताबाई वारलेल्या नवऱ्यानं जपलेला कोट घेऊन आल्या. "सासऱ्याचा हाय गुरुजी, निजामाच्या राज्यातला." मी बटणं पाहिली अन् बोलून गेलो, "प्लास्टिकची आहेत. दहा-बारा वर्षांचाच असेल."

बाईंनी एका बटणावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "दुष्काळात आमचं मालक खडी फोडायला गेलते, तवा तिथं जुने कपडे वाटले होते. मला म्हणले, बापाचा हाय."

कामच माझं ते. पण ती बटणं पाहिली नसती तर?

निघताना त्यांनी विचारलं, "बटणं बदलली तर चालंल का गुरुजी? त्ये कधी खोटं बोलले न्हाईत."

माझ्या वडिलांच्या शेरवानीला शिंगाची बटणं होती. आत्ताच कापून ठेवली.